आईचा फोन आणि बोटीचं घड्याळ

बाबा, मागच्या आठवड्यात आईचं आणि माझं फार छान चाललं होतं, कारण तिचा फोन बिघडला होता. म्हणजे फोन चालू होता, दिवा लागायचा, मी नंबर फिरवला की घंटाही वाजायची. बंद पडलं होतं ते त्यातलं गप्पांचं ॲप. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या भाट्ये गावातल्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता, त्यामुळे हे तुम्हाला सांगायचं तर जरा लांबून यावं लागेल. आता तळहातावर मावणारा फोन असतो, त्यात लिहायचं, बोलायचं, एकमेकांची तोंडंसुद्धा बघायची, आणि हे सगळं भर समुद्रातून होतं. तुमचं पत्र यायला महिना महिना लागायचा. तुमच्या मुलाचं 'जेवलो' एवढं एक वाक्य आईला पोचायला घोट गिळण्याएवढाही वेळ लागत नाही. हो, तोही बोटीवर आहे. तुमच्यासारखा इंजिनाला तेल घालणारा तेलवाला नाही, इंजिनिअर आहे, पांढरा शर्ट घालतो, खांद्यावर पट्ट्या आहेत. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता. तुम्हाला त्याचा अभिमान वाटला असता. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे, आणि आई मला ते रोज सांगते म्हणूनही.

मी कुठंच गेले नाही. खाडीच्या त्या अंगाला माहेर, या अंगाला सासर, मध्ये पूल. वीज कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसते. लाइट का गेली, बिल जास्त का आलं, खांब कधी उभा करणार, हे ऐकण्यात माझा जन्म गेला. सकाळी ऑफिसला जायच्या आधी स्कूटर घेऊन पूल ओलांडते, आईचं दूध, भाजी, मिळाली तर थोडी मासळी देते, तिच्या गोळ्या बघते आणि तिच्याबरोबर चहा पिते. दिवसभरात माझी म्हणावी अशी तेवढीच वेळ. पण ती पुरती माझी नसते. तुमच्या मुलाची बोट बहुतेक पॅसिफिकमध्येच ये-जा करते, त्याची ड्यूटी तिकडं संध्याकाळी सुटते, तेव्हा इथं सकाळ असते, नेमकी माझ्या चहाची. तो फोन करतो. आणि तो करायच्या कितीतरी आधीपासून आईचं चित्त थाऱ्यावर नसतं. मी काहीतरी सांगत असते, सासूबाईंचं, ऑफिसातल्या भांडणाचं, माझ्या गुडघ्याचं, आणि तिचा हात फोनकडे जातो. फोन उजळतो, ती बघते, ठेवते, परत बघते. मग कप अर्धा टाकून उठते, पडवीत जाऊन खुर्चीत बसते, पदर सारखा करते, आणि फोन समोर धरून वाट बघत राहते. माझा चहा मी एकटी संपवते. तिचा कप विसळते. इतक्या वर्षांत तो अर्धा कप मी किती वेळा मोरीत ओतला असेल! दर वेळी माझ्या पोटात दुखलं आहे, बाबा. मी आता आजी व्हायला आले, तरी दुखतं.

तर मागच्या आठवड्यात एके सकाळी मी पोचले तेव्हा आई पडवीतच बसली होती, फोन मांडीवर. "काय झाला गो ह्याला? नुसता फिरता नि फिरता," म्हणाली. मी हातात घेतला. ॲप उघडायचं, मधोमध एक चक्र गरगरायचं, खाली 'जोडत आहे' असं यायचं, आणि तिथंच सगळं थांबायचं. आता तक्रारीचं माझं एक शास्त्र आहे. कोणीही आलं की मी पहिला प्रश्न विचारते, शेजारी लाइट आहे का? म्हणून मी शेजारच्या वहिनींना हाक मारली, त्यांच्या फोनवर तेच ॲप सुरळीत चालू होतं. म्हणजे दोष आपल्याच घरात. रिचार्ज संपला का बघितला, नव्हता. फोन बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह लावून काढलं. माझ्या फोनचं नेट तिला दिलं. जागा संपली असेल म्हणून सुप्रभातची ढीगभर फुलं नि सूर्य एकेक करून पुसले. ॲपची नवी आवृत्ती घ्यावी म्हटलं तर जिथून ती घ्यायची तेही उघडेना, तिथंही तेच चक्र. मला ऑफिसला उशीर होत होता. "संध्याकाळी बघते," म्हटलं. आई म्हणाली, "बघ ना गो बाय, तुला ऑफिसात येता ना सगळा." पूल ओलांडताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे.

दुसऱ्या दिवशीही ॲप लागलं नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मी प्रयत्न सोडला होता असं समजू नका. रोज काही ना काही करून बघत होते, आणि ते लागत नव्हतं, आणि त्यानं माझं मन मुळीच खट्टू होत नव्हतं. भावाला मी माझ्या फोनवरून कळवलं होतं, आईचा फोन बिघडलाय, ती बरी आहे. आई पहिल्या दिवशी सवयीनं पडवीत जाऊन बसली, दुसऱ्या दिवशी जाऊन परत आली, आणि तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. चहा पुरता प्याली. वर अजून अर्धा घेतला. मला विचारलं, "गुडघ्याचा काय झाला तुझ्या?" मी सांगितलं, सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, जिना किती त्रास देतो. ती ऐकत होती! एका सकाळी घावणे करून ठेवले होते, नारळाचा रस काढला होता. रविवारी ऑफिस नव्हतं, तर तिनं मला मागच्या पायरीवर खाली बसवलं नि डोक्याला तेल लावून दिलं. माझ्या डोक्यात आता काळे किती उरलेत, पण तिची बोटं तीच, करकर वाजणारी. ऊन अंगावर येत होतं, नारळीच्या झावळ्या हलत होत्या, समुद्राचा आवाज होता. मला वाटलं, हे असंच राहू दे. इतक्यात तिची बोटं थांबली नि ती म्हणाली, "आता त्याच्याकडे सांज झाली असेल." माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, बाबा. माझं डोकं तिच्या हातात होतं नि ती पॅसिफिकमध्ये होती.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. 'आता त्यांच्याकडे सांज झाली असेल' हे मी फ्रॉकात असल्यापासून ऐकत आले, तेव्हा ते तुम्हाला लागू होतं. आपल्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, हे मला फार उशिरा कळलं की इतरांकडे नसतं. एक माजघराच्या दारावर, ते इथलं. दुसरं चुलीच्या वरच्या भिंतीवर, चावीचं, काळ्या काट्यांचं, ते बोटीचं. तुमचं पत्र आलं की आई ते घेऊन शेजारच्या, बोटीवर खलाशांचे मुकादम राहिलेल्या म्हाताऱ्या सारंगाकडे जायची, ते बंदराचं नाव वाचून सांगायचे तिथं किती वाजले असतील, आणि घरी येऊन ती पाटावर चढून काटे फिरवायची. मग पुढचं पत्र येईपर्यंत ती त्या घड्याळानं जगायची. मला माझ्या भुकेला वाढायची, ते खोटं नाही. पण स्वतः जेवायची ती बोटीच्या घड्याळात जेवणाची वेळ झाली की. कधी ते आमच्या चहाच्या वेळेला असायचं, कधी दिवेलागणीला. मी सांगायची, आई, माझ्याबरोबर बस. ती म्हणायची, "त्यांची बसायची वेळ नाय झाली अजून." मी पाटावर एकटी बसून भात कालवायची आणि त्या काळ्या काट्यांकडे रागानं बघायची. आता हिशोब करते तेव्हा हसू येतं. पत्र येईपर्यंत तुमची बोट ते बंदर सोडून कुठच्या कुठं गेलेली असायची. ज्या वेळेवर आई जेवायची त्या वेळेवर तुम्ही तेव्हा कधीच नसायचात. जिथं कोणीच नव्हतं तिथली वेळ पाळून तिनं माझी सगळी जेवणं एकटीची केली.

म्हणून मी एकदा पाटावर पाट ठेवून चढले नि काटे फिरवले. तुम्हाला आठवत असेल, तुम्हीच मला त्याबद्दल बोललात. आई गोठ्यात होती. मी बोटीच्या घड्याळात जेवायची वेळ करून ठेवली, खाली उतरले, नि दोन पानं घेतली. ती आली, घड्याळाकडे बघितलं, "अगो बाय, वेळ झाली की!" म्हणाली आणि माझ्या समोर जेवायला बसली. बांगड्याचं तिखलं होतं. तिनं काटे काढून मधला तुकडा मला दिला. असं मी बरेच दिवस चालवलं, शेवटी सारंगांनी येऊन घड्याळ बघितलं नि बिंग फुटलं. तुम्ही सुट्टीवर आलात तेव्हा आईनं सांगितलं. तुम्ही मारलं नाहीत. पडवीत बोलावलंत नि इतकंच म्हणालात, "बाय, घड्याळाला हात लावायचा नाय. बोटीवर कोणी काटे असे फिरवले तर बोट खडकावर जाईल." आपल्या स्वयंपाकघरात खडक कुठं होता, असं मला विचारायचं होतं, पण तुम्ही वर्षातून एकदा येणारे, तुमच्याशी वाद कसा घालायचा. पुढच्या खेपेला तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलंत. तेच अजून माझ्या हातात आहे, दोनदा पट्टा बदलला, कितीदा तेलपाणी केलं. ते देताना तुम्ही तुमचं मनगट पुढे केलंत, दोन्ही घड्याळं सारखी लावलीत नि म्हणालात, "बोटीच्या भिंतीवर बोटीची वेळ, माझ्या हातात कायम घरची. तुझी आई चहा कधी घेते, जेवते कधी, सगळं ह्यात दिसतं." आई चुलीपाशी होती. ती थांबली नि म्हणाली, "मी तर तुमच्या वेळेला जेवते." तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलात आणि मग हसत सुटलात, आईच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला मुळीच हसू आलं नाही. मला कळत होतं की मला घड्याळ मिळालंय, पण त्यातली वेळसुद्धा आईचीच आहे. ती तुमच्या वेळेला जेवत होती, तुम्ही तिच्या वेळेकडे बघत होतात, आणि खरोखर जेवायच्या वेळेला जेवणारी त्या घरात मी एकटी होते. पुढे तुम्ही कायमचे घरी आलात तेव्हा आईनं ते चुलीवरचं घड्याळ उतरवलं, तुमच्या बोटीवरच्या कामाच्या कपड्यात, त्या निळ्या डांगरीत गुंडाळलं नि माळ्यावर टाकलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

सोमवारी मी आईचा फोन मारुती मंदिराजवळच्या दुकानात दाखवला. दुकान एक बाई चालवतात, माझ्याच वयाच्या, बोलायला तडफदार. त्यांनी थोडं इकडंतिकडं केलं नि म्हणाल्या, "ताई, ॲपच खराब झालंय. काढून टाका नि परत घ्या. जुनं कुठं साठवलेलं दिसत नाही, ते सगळं जाईल बघा. चालेल?" जुनं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तो आईला बोलून पाठवतो, आवाजात. वादळ होतं पण आता निवळलंय, आज फणसाची भाजी आठवली, कुठल्या बंदरात पांढरे पक्षी दिसले. आई ते दुपारी पडल्या पडल्या परत परत ऐकते. माझा एकही आवाज त्यात नाही. मी रोज जाते, मी कशाला आवाज पाठवू? बाईंनी फोन माझ्यापुढे सरकवला, 'काढून टाका' वर बोट ठेवायचं तेवढं बाकी होतं. ठेवलं असतं तर कोणी मला दोष दिला नसता, दुकानातल्या बाईनंच सांगितलं होतं. मी नाही ठेवलं. शेजारच्या वहिनींना फोन लावून आईला बोलावून घेतलं नि विचारलं.  ती म्हणाली, "मग नको. राहू दे तसाच. बंद पडला तरी आत हाय ना सगळा." मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी बाईंशी धड न बोलता बाहेर पडले. न उघडणाऱ्या फोनाला ती जीव लावणार, पण रोज दार उघडून येणाऱ्या माणसाला गुडघा विचारायला तिला फोन बिघडावा लागतो.

त्या रात्री भावाचा मला निरोप आला. 'आईशी बोलून बरेच दिवस झाले, उद्या सकाळी तू तिथं असशील तेव्हा तुझ्या फोनवर करतो.' मी वर सरकवून बघितलं, आमच्या दोघांच्या गप्पा काय, तर त्याचं 'आई कशी आहे?' आणि माझं 'बरी'. वर्षभर वर जा, तेच. मी 'बरं' लिहिलं. सकाळी त्याचा फोन आला, मी आईच्या हातात दिला नि पहिल्यांदाच जवळ बसून त्यांचं बोलणं ऐकलं, कारण फोन माझा होता. मला वाटायचं, काय मोठी गुपितं असतील. "जेवलास?" "जेवतो आता. तू?" "मी चहा घेतला. बाय हाय हितं." "बरं." आणि मग तो म्हणाला, "आई, त्या दिवशी सांगितलं तशी तारीख मागं घेतलीस ना? आता रात्री परत एक तास पुढं करायचाय हं." आई म्हणाली, "घेतली मागं. आज करते पुढं." मी विचारलं, काय मागं घेतलं? तर तो हसून सांगायला लागला. बोट जपानकडून अमेरिकेकडे चालली आहे. मध्ये समुद्रात एक रेघ येते, ती ओलांडली की कालचाच वार परत येतो. आणि त्याच्याकडे वेळ बदलली की आईला सांगायची, हे त्यांचं कित्येक वर्षं ठरलेलं आहे. आई तिच्या फोनातलं घड्याळ त्याच्या वेळेला लावून ठेवते. मी आईकडे बघितलं. ती पदर बोटाला गुंडाळत होती.

मी तिचा फोन घेतला. तो उजळला, त्याचा फोटो आला, बोटीच्या कठड्याला टेकलेला, पांढऱ्या शर्टातला. तो फोटो मी कधी नीट बघत नाही, आला की बोटानं वर ढकलते. या वेळी बघितला. शर्टाच्या छातीवर पांढऱ्या आकड्यांत वेळ होती, पांढऱ्यावर पांढरी, आणि खाली बारीक अक्षरांत तारीख. वार परत आला म्हणून आईनं तारीख एक दिवस मागं घ्यायला बोट फिरवलं होतं नि फिरला होता महिना. फोन मागच्या महिन्यात जाऊन बसला होता. एवढ्या मागच्या फोनाशी ॲप जोडून घेणार कसं? तक्रारीच्या टेबलावर बसून मी लोकांना सांगते, आधी मेन स्विच बघा. आणि मला फोनच्या तोंडावर लिहिलेली तारीख दिसली नाही, कारण ती त्याच्या छातीवर लिहिली होती. वेळ आपोआप लागण्याचं बटण असतं, ते मी चालू केलं. चक्र एकदा फिरलं नि थांबलं. मग टुणटुण टुणटुण सुरू झालं, थांबेना. त्याचे आवाज, त्याच्या लेकीची चित्रं, सगळं एकदम. आई दोन्ही हातांनी फोन धरून बसली, पाऊस झेलावा तशी. मी तिला म्हटलं, आता घड्याळाला परत हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा बंद पडेल. तुमचंच वाक्य माझ्या तोंडातून आलं, खडक सोडून. ती हो म्हणाली. मग जरा वेळानं, लहान पोरीनं विचारावं तसं म्हणाली, "मग त्याची वेळ कुठं बघू?"

फोनातच दोन वेळा दिसण्याची सोय असते, हे मला ठाऊक आहे. पण त्याची वेळ फोनात राहिली तर ती दिवसभर फोनच उघडून बसेल, म्हणून ते मी बोलले नाही. शिडी लावून माळ्यावर चढले, गुडघा बोंबलत होता तरी. डांगरी सापडली, तिला अजून डिझेलचा वास येतो, का मलाच आला, कोण जाणे. घड्याळ बाजारपेठेत नेऊन साफ करून आणलं. म्हातारं झालंय, पण चालतं. जिथं चूल होती तिथं आता गॅसचा ओटा आहे, त्याच्या वर खिळा अजून तसाच होता. भावाला वेळ विचारली, काटे लावले. भिंतीवरच्या घड्याळाला तारीख नसते, त्यामुळे ते कुठल्या महिन्यात जाऊन बसायची भीती नाही. आई खाली उभी राहून बघत होती, आणि तिचं तोंड असं उजळलं की मला शिडीवरून उतरावंसं वाटेना. माझ्यासाठी या घरात कधी घड्याळ लागलं नाही, मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं, निसटलं. आई म्हणाली, "तुला कशाला गो घड्याळ? तू येतेस तेव्हा सकाळ होते." चांगलं बोलली ना? कोणालाही बरं वाटलं असतं. मला क्षणभर बरं वाटलं, नि मग वाटलं, सकाळ तर न सांगता होते, तिची वाट कोण बघतं.

म्हणून बाबा, मी काटे जरा मागे लावलेत. फार नाही, एका कपाएवढे. बोटीच्या घड्याळात त्याची ड्यूटी सुटायला आली की आई चहा टाकून पडवीत जाते, तर ते आता थोडं उशिरा सुटायला येतं. तेवढ्यात तिचा चहा पुरता पिऊन होतो, आणि माझ्या दोन गोष्टी सांगून होतात. काल मी सासूबाईंचं काहीतरी सांगत होते, ती हसत होती, कप अर्ध्याच्या खाली आला होता, आणि फोन वाजला. पडवीत नव्हे, तिथंच, ओट्यावर. बोटीच्या घड्याळात अजून वेळ होता. आईनं भिंतीकडे बघितलं. मग माझ्या मनगटावरच्या तुमच्या घड्याळाकडे बघितलं. परत भिंतीकडे. तिनं सगळा जन्म दोन घड्याळं एकमेकांशी ताडण्यात काढलाय, तिला कळायला कितीसा वेळ लागणार. माझे कान तापले. तिनं कप उचलला नि म्हणाली, "अजून वेळ हाय घड्याळात. सांग गो, मग काय म्हणाल्या त्या?" फोन वाजतच होता. मला पुढचं काही आठवेना. शेवटी मलाच राहवलं नाही, उठले, फोन उचलला नि तिच्या हातात दिला. ती पडवीत गेली नाही. माझ्यासमोर बसूनच बोलली, आणि बोलता बोलता उरलेला चहा प्याली.

तुम्हाला पत्र टाकायचं तर आई पुढच्या बंदरातल्या बोट कंपनीच्या एजंटाचा पत्ता घालायची, तुम्ही पोचायच्या आधी ते तिथं जाऊन थांबावं म्हणून. आता तो पत्ता कोणी सांगायला नाही, आणि असता तरी हे मी टाकलं नसतं, कारण वाचून तुम्ही मला पडवीत बोलावलं असतंत. आज सकाळी आई अंघोळीला गेली होती नि मी ओट्यापाशी एकटी होते. स्टूल जवळच होतं. काटे सरळ करायला एवढासा वेळ लागला असता. मी स्टूलावर चढले, घड्याळाला चावी दिली, काच पुसली, आणि काट्यांना हात न लावता खाली उतरले.